शेडखालचा तिरकस गुणाकार

दहावीला गणितात मला दीडशेपैकी एकशे बेचाळीस मार्क होते. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे, की मी नुसतं ‘दहावीला’ म्हटलं तरी बायको पुढचा आकडा सांगून मोकळी होते. वर विचारते, “आणि उरलेले आठ कुठं गेले हो?” ती प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे कुणाचे मार्क कुठं गेले याची चौकशी करायची तिला सवयच आहे. मी नांदेडच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. तिथं बेरजेपलीकडचं गणित लागत नाही. तरी मनातून मी स्वतःला गणिताचाच माणूस समजत आलो. गणिताला याची काहीच कल्पना नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

हा अभिमान मी बिलोलीहून आणलेला. तिथल्या शाळेत आमच्या गणिताच्या गुरुजींचा एक नेम होता. उत्तरात भागाकाराच्या रेषेखाली वर्गमूळ राहिलेलं दिसलं, की ते बाकीचं गणित वाचायचेच नाहीत. वही मिटायचे आणि म्हणायचे, “खालचं साफ करून आण.” पुस्तकात याला छेदाचे परिमेयीकरण असं भारदस्त नाव होतं, आम्ही त्याला ‘खालचं साफ करणं’च म्हणायचो. खाली रूट तीन वजा रूट दोन असेल, तर वर आणि खाली दोन्हीकडे रूट तीन अधिक रूट दोननं गुणायचं. खाली तीन वजा दोन होतं, म्हणजे एक उरतो, आणि सगळी मुळं वर जातात. हे का करायचं, असं आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या वेळी ‘का’ हा प्रश्न गणितात नसायचा. तो इतिहासात यायचा, पाच मार्कांना.

लेक दहावी झाली आणि घरात लातूर सुरू झालं. नांदेडला क्लास कमी आहेत असं अजिबात नाही. आमच्या गल्लीच्या तोंडावरच दोन आहेत. लातूरची मुलं शिकायला नांदेडला येतात, नांदेडची लातूरला जातात, आणि जुलै महिन्यात अहमदपूरच्या स्टँडवर दोन्हीकडच्या गाद्या-बादल्या एकमेकींच्या शेजारून उलट्या दिशेला जाताना मी स्वतः पाहिल्या आहेत. पण बायकोचं ठरलं होतं. “घरी राहिली तर तुमच्या मांडीला मांडी लावून क्रिकेट बघत बसंल,” असं तिचं म्हणणं. आरोप खरा असल्यामुळे मी गादी बांधायला घेतली.

लेकीला लातूरच्या हॉस्टेलवर सोडून आलो आणि दहाव्या दिवशी मोबाईलवर क्लासचा मेसेज आला. तिथं दर रविवारी सकाळी परीक्षा होते. चार पर्यायांतून एकाचा गोल काळा करायचा, आणि चुकला की मार्क कापतात. लेकीला गणितात शंभरपैकी उणे तीन पडले होते. मी चष्मा पुसून परत पाहिलं. उणेच होते. आमच्या खानदानात शून्य मिळवलेले लोक होते, एक चुलत भाऊ तर त्यात दरवर्षी सातत्य राखून होता, पण शून्याच्या खाली आजवर कुणी उतरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या फोनवरून ती रडली. “पप्पा, मला घरी यायचंय. इथं सगळ्यांना सगळं येतंय. मलाच काही येत नाही.” दहावीला ब्याण्णव टक्के घेतलेली माझी लेक, रडताना तिचा आवाज पाचवीतल्या पोरीसारखा झाला होता. “उद्याच येतो,” असं मी म्हणणार, तेवढ्यात बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

तिनं एक करार केला. दिवाळीपर्यंत थांबायचं. दिवाळीआधीच्या मोठ्या परीक्षेत गणितात पन्नास पडले तर लातूरलाच राहायचं. नाही पडले तर पप्पा येऊन गादी-बादलीसकट घरी आणतील, “आणि मी एक शब्द बोलणार न्हाई.” शेवटच्या कलमावर माझा विश्वास नव्हता, पण लेकीनं मान्य केलं. मीही मान्य केलं.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवालपवी नको. ती घरी यावी असं मला वाटत होतं. ती गेल्यावर घरात टीव्हीचा रिमोट मला हवा तेव्हा मिळायला लागला होता आणि त्याचा मला संताप यायचा. संध्याकाळी कचेरीतून आलो की चप्पल काढायच्या आधी मी तिच्या खोलीत डोकावायचो, आणि तिथं इस्त्रीचे कपडे ठेवलेले असायचे. बायकोला हे बोलायची सोय नव्हती. मग मी बापाला शोभेल असा मार्ग काढला. म्हणालो, “दर रविवारी जाऊन मी तिचं गणित घेतो. बघू पन्नास कसे पडत नाहीत ते.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि फक्त विचारलं, “तुम्ही?”

“दीडशेपैकी…”

“एकशे बेचाळीस,” ती म्हणाली आणि दशम्या करायला उठली.

तर असे माझे रविवार सुरू झाले. बायकोला एस.टी.त बसलं की मळमळतं, त्यामुळे मी एकटाच. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धुतलेले कपडे. सकाळची गाडी, मग लोहा, अहमदपूर, चाकूर. साडेतीन तासांनी लातूर, आणि तिथून रिक्षानं हॉस्टेल. हे मुलींचं हॉस्टेल असल्यामुळे बाप लोकांना फाटकातून आत फक्त पत्र्याच्या शेडपर्यंत मुभा. शेडखाली प्लास्टिकच्या लाल खुर्च्या. वेळ अकरा ते एक, म्हणजे पोरी परीक्षा देऊन आल्यावर. फाटकावरच्या मावशी रजिस्टरमध्ये सही घ्यायच्या आणि एकला पाच कमी असतानाच ओरडायला लागायच्या, “चला, टाइम झाला! मायबाप हो, उठा आता!” मला त्यांचा राग यायचा. पाच मिनिटं म्हणजे एक गणित.

पहिल्या रविवारी लेक समोर बसली ती मान खाली घालून. मी म्हटलं, “काय येत नाही ते दाखव.” तिनं वही उघडली. बघतो तर काय, रेषेखाली रूट तीन वजा रूट दोन! मला बिलोलीतला जुना शेजारी भेटल्यासारखं झालं. मी खुर्ची पुढं ओढली आणि खालचं असं साफ करून दिलं की विचारू नका. आवाज जरा चढला असावा, कारण बाजूच्या दोन-तीन खुर्च्या वळल्या.

लेक म्हणाली, “पप्पा, पण हे करायचं कशाला? आमचे सर म्हणतात, ऑप्शनमध्ये जसं दिसंल तसं ठेवा. वेळ घालवू नका.”

म्हणजे गुरुजींना चाळीस पोरांनी मिळून न विचारलेला प्रश्न माझ्या पोरीनं मला पत्र्याखाली विचारला. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी सांगतो,” आणि परतीच्या गाडीत कामाला लागलो. खरं सांगतो, त्या प्रवासात मला मजा आली. पेपरच्या कडेला मी एक भागिले रूट दोन हातानं करायला घेतलं. एकाला एक पूर्णांक चारशे चौदानं भागायचं. लोहा येईपर्यंत तीन वेळा चुकलो. मग खालचं साफ केलं, रूट दोन भागिले दोन झालं. एक पूर्णांक चारशे चौदाचे निम्मे. शून्य पूर्णांक सातशे सात, कंडक्टरनं घंटी मारायच्या आत. तेव्हा लक्षात आलं, हाताशी यंत्र नसलेल्या माणसांनी भागाकार सोपा व्हावा म्हणून काढलेली ही युक्ती! मी शेजारच्या प्रवाशालाही सांगितलं. तो उतरून गेला. त्याचं गाव आलं होतं, असं मी समजतो.

पुढच्या रविवारी हे सांगितलं तेव्हा लेकीचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा उजळला. आणि बाजूच्या खुर्चीवरची मुरूडची एक आई, जिची मुलगी लेकीच्याच वर्गात होती, मला म्हणाली, “आवं, सर हायसा का तुम्ही?”

“तसं काही नाही,” मी म्हणालो. पण ते ‘हो’सारखं ऐकू आलं असावं, कारण ती म्हणाली, “मग आमच्या पोरीला बी सांगा की. सांजच्याला नुसती रडत बसती.” मुलगी आली. तिच्याबरोबर तिची खोलीतली मैत्रीण आली, देगलूरकडची, जी गणित चुकलं की तेलुगूत काहीतरी पुटपुटायची. तिसरी आमच्या कंधारची निघाली. तिच्याकडे कुणी दर रविवारी येणारं नव्हतं, ती नुसतीच शेडखाली येऊन बसायची. अशा चौघी झाल्या. दशम्या कमी पडायला लागल्या आणि बायको पहाटे जास्तीचं पीठ मळायला लागली. मी एक पांढरा फळा घेतला, छोटा, पिशवीत मावणारा, आणि निघताना तो पोरींकडेच ठेवायला लागलो. मावशीसुद्धा मला ‘सर’ म्हणायला लागल्या आणि एकला पाच कमी असताना ओरडायच्या त्या दोन कमी असताना ओरडायला लागल्या. माझी छाती केवढी फुगली असेल, सांगायला नको. एवढी वर्षं कचेरीत मला ‘आवक-जावक’ म्हणत.

परिमेयीकरणात मी नाव कमावलं आणि ते घेऊन असमानतेत शिरलो.

असमानता म्हणजे बरोबरच्या चिन्हाऐवजी लहान-मोठ्याचं चिन्ह असलेलं गणित. कंधारच्या मुलीनं एक आणलं होतं: एक्स अधिक एक भागिले एक्स वजा दोन, हे दोनपेक्षा मोठं आहे, तर एक्स किती? मी म्हटलं, “यात काय अवघड आहे? तिरकस गुणाकार!” म्हणजे खालचा एक्स वजा दोन उचलायचा आणि पलीकडच्या दोनला गुणायचा. डावीकडे एक्स अधिक एक, उजवीकडे दोन एक्स वजा चार. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. एक्स पाचापेक्षा लहान. संपलं. फळ्यावर चार ओळी. मी उत्तराला दोन रेघा मारल्या आणि पोरींकडे पाहिलं. पोरींनी माना डोलावल्या.

हे चूक आहे. आज मला हे शांतपणे लिहिता येतं. बरोबरच्या चिन्हाला तिरकस गुणाकार चालतो, लहान-मोठ्याच्या चिन्हाला चालत नाही. तीन पाचापेक्षा लहान, पण दोघांना वजा एकनं गुणा, वजा तीन हे वजा पाचापेक्षा मोठं होऊन बसतं. ऋण संख्येनं गुणलं की चिन्हाचं तोंड फिरतं. आणि एक्स वजा दोन ऋण आहे की धन, हे आपल्याला मुळात माहीतच नाही, कारण एक्स किती तेच तर शोधायचंय. नुसतं शून्य घालून पाहिलं असतं तरी कळलं असतं. शून्य पाचापेक्षा लहान आहे, पण तिथं उत्तर येतं वजा अर्धा, जे दोनपेक्षा मोठं व्हायचं नाव घेत नाही. खरं उत्तर दोन आणि पाच यांच्यामध्ये आहे. पण एकशे बेचाळीसवाला माणूस शून्य घालून कशाला बघेल?

आणि मी एकदा शिकवून थांबलो नाही. पुढच्या सगळ्या रविवारी मी तिरकस गुणाकार शिकवला. वेगवेगळी गणितं घेऊन, मोठ्या उत्साहानं. एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली होती. चौघी फार लवकर माना डोलवायच्या. मी पहिली ओळ लिहिली की “हाव सर, समजलं सर.” एकही शंका नाही. याचं श्रेय मी माझ्या शिकवण्याला दिलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, “शिकवणं हे रक्तात असावं लागतं.” ती शिक्षिका आहे. तिनं जेवायला वाढताना भाजी जरा कमी वाढली.

मार्कांचे मेसेज येत होते. चार. नऊ. मग सतरा, मग एकदम अठ्ठावीस. मी बायकोला अभिमानानं दाखवायचो आणि मग गच्चीवर जाऊन मनात हिशेब करायचो, की पन्नासला अजून बावीस कमी आहेत आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय. बरं वाटायचं. लाज वाटायची आणि तरी बरं वाटायचं. दर रविवारी सहा-सात तास एस.टी.त हाडं खिळखिळी करून तिला पन्नासपर्यंत न्यायला झटणारा माणूस आणि तिला पन्नास पडू नयेत म्हणून गच्चीवर फेऱ्या मारणारा माणूस, दोघंही मीच होतो. दोघांची कधी भांडणं झाली नाहीत. एक रविवारी असायचा, दुसरा बाकीचे दिवस.

मोठी परीक्षा झाली. निकालाचा मेसेज यायच्या आत सुट्टी लागली आणि लेकीचा फोन आला, “पप्पा, घ्यायला या.” मी विचारलं, “किती?” म्हणाली, “या तर. आल्यावर सांगते.” आवाजावरून मला काही कळलं नाही. बायकोनं मात्र कपाटावरून दोरीचं बंडल काढून माझ्या पिशवीत टाकलं, गादी बांधायला. तिचा चेहरा उतरला होता. माझा उतरला नव्हता, आणि तो तिला दिसू नये म्हणून मी पाठमोरा होऊन चपला घातल्या.

हॉस्टेलच्या फाटकाशी जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. ट्रंका, गाद्या, बादल्या, रिक्षावाल्यांचा कल्ला. त्यात मुरूडच्या आईनं मला हेरलं. ती लांबूनच हात जोडत आली. “सर, लई उपकार झाले बघा. आमच्या पोरीला बावन्न पडले.”

मी नम्रपणे मान झुकवली. “छे छे, मी काय केलं? मेहनत पोरींची.”

“तुमचं न्हवं, तुमच्या लेकीचं म्हन्ते मी,” ती म्हणाली. “तुम्ही गाडीला गेलाव की पोरगी तिघींना घिऊन बसायची माय. तुम्ही सांगितलेलं सगळं पुसून परत शिकवायची. आमची पोरगी सांगत व्हती, सरांचं एक गणित बी बरोबर नसायचं.” मग माझ्याकडे पाहून तिनं सावरलं, “तसं ते रूटाचं बरोबर व्हतं म्हने.”

मी त्या फाटकात उभा राहिलो. पहिल्यांदा आला तो राग. चार पोरी दर रविवारी माझ्यासमोर माना डोलवत बसल्या, माझ्या बायकोच्या दशम्या खाल्ल्या आणि मी फाटकाबाहेर पडलो की माझा फळा पुसला! मग आठवलं त्या माना किती लवकर डोलायच्या, आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. मावशींनी रजिस्टर पुढं केलं. सही कुठं करायची तेही मला दिसत नव्हतं.

लेक खाली आली. खांद्यावर एक सॅक, हातात कपड्यांची पिशवी. मी तिच्या मागं पाहिलं. मागं काही नव्हतं.

“गादी?” मी विचारलं.

“गादी राहू द्या,” ती म्हणाली. “एकसष्ट पडले, पप्पा.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास,” म्हणालो. ते शाब्बास खरं होतं. पण दुसऱ्या हातानं मी पिशवीतली दोरी खाली दाबत होतो, तेही खरं होतं.

गाडीत खिडकीची जागा तिनं घेतली. चाकूर येईपर्यंत मी तोच तो पेपर चाळत होतो, आणि तिनं ओळखलं. म्हणाली, “मुरूडच्या काकूंनी सांगितलं ना?”

“कधी कळलं तुला, मी चुकतोय ते?”

“पुढच्याच टेस्टला.” मग तिनं सगळं सांगितलं. तेच गणित परीक्षेत आलं होतं. ‘एक्स पाचापेक्षा लहान’ हा त्यातला दुसरा पर्याय होता. मुलांनी फसावं म्हणूनच ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, कुणी कुणी दुसरा पर्याय काळा केला? दोनशे पोरांत चार हात वर झाले, चारही एकाच बाकावरून. सगळा वर्ग हसला. सरांनी विचारलं, “हा तिरकस गुणाकार तुम्हाला शिकवला कुणी?” तिघींनी लेकीकडे पाहिलं.

“मग?” मी म्हटलं.

“मी उभी राहिले. म्हणलं, सर, मीच शिकवला ह्यांना.”

गाडी कुठल्या तरी फाट्यावर थांबली, माणसं चढली, उतरली. मला तिच्याकडे पाहवेना. माझी सोळा वर्षांची पोर, जिला आधीच वाटत होतं की सगळ्यांना सगळं येतं आणि तिलाच काही येत नाही, ती दोनशे पोरांसमोर माझी चूक अंगावर घेऊन उभी राहिली होती. आणि मी त्याच आठवड्यात शिकवणं रक्तात असावं लागतं म्हणून घरी जेवत होतो.

ती पुढं सांगत होती, जसं काही विशेष नाहीच. सर म्हणाले, तूच शिकवलंस ना, मग आता बरोबर काय ते तूच ह्यांना शिकव. म्हणून तिला आधी स्वतः शिकावं लागलं. संध्याकाळी सरांना गाठून विचारायचं, मग तिघींना सांगायचं. सगळं एका बाजूला आणायचं, खालचं आणि वरचं कुठं कुठं शून्य होतं ते रेषेवर मांडायचं, एकेका तुकड्यात एकेक आकडा घालून बघायचं. एक बरोबर झालं की तिघी दुसरं विचारायच्या. त्या विचारायच्या म्हणून तिला पुढचं पण शिकावं लागायचं.

“आणि मला का नाही सांगितलंस? मी आपला दर रविवारी…”

“तुम्ही लई खुशीत असायचे, पप्पा. आणि एवढ्या लांबून यायचे.” ती जरा हसली. “तुम्ही शिकवायचे त्यातनं आम्हाला कळायचं पण, कुठं कुठं चुकू शकतं ते.”

मी समोरच्या सीटची दांडी धरून बसलो. थोड्या वेळानं तिनं, माझ्याकडे न बघता, विचारलं, “पप्पा, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“नाही रागावत.”

“तुम्ही मुद्दाम तर नव्हते ना शिकवत तसं? मी घरी यावं म्हणून?”

रागावणार नाही म्हटलं होतं, तरी तोंडापर्यंत राग आला. बापाबद्दल असं? एवढी धावपळ केली, एवढ्या गाड्या बदलल्या! मग गच्ची आठवली, आणि राग आपोआप खाली गेला.

“मुद्दाम नाही गं,” मी म्हणालो. “मला खरंच तेवढंच येत होतं.” एवढ्यावर थांबता आलं असतं. “पण तुला पन्नास पडू नयेत असं वाटायचं मला. आज सकाळपर्यंत वाटत होतं.”

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. सोयाबीन काढून झालेली रानं मागं पडत होती. मला वाटलं, दुखावली. आता घरी जाऊन आईला सांगेल, आणि तिनं सांगावंच.

“मला पण वाटायचं,” ती म्हणाली. “पहिले दोन महिने. रोज वाटायचं, पडू नयेत, पप्पा येतील, गादी गुंडाळतील.”

“मग?”

“मग काय! मी घरी आले असते,” माझी लेक म्हणाली, “आणि त्या तिघी तुमच्या तिरकस गुणाकाराच्या भरवशावर राहिल्या असत्या.”